सात नंबरच्या खिडकीवरून

मंगळवार, ३ मार्च

थोरल्या,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा असतो म्हणून लिहिते. मनापासूनचा सध्या राखून ठेवलाय. राग उतरला की पाठवीन, वाट बघत बसू नकोस.

माझं घर तू विकायला काढलंस. मला न विचारता. आणि ते मला कसं कळलं हे ऐकलंस तर बसल्या जागी घाम फुटेल तुला. ती फाइल कचेरीत नेऊन दिली कोणी? मी! तुझ्या आईनं, याच दोन हातांनी, आणि वर हसत हसत.

थांब, नीट सांगते, नाहीतर तू म्हणशील म्हातारी भरकटली.

तुझे वडील गेल्यावर तू मला इथे आणून ठेवलंस त्याला आता पाच वर्षं होतील. "आई, प्रांताची राजधानी आहे, पण महागाई नाही. वर्षभर ऊन असतं. तुझे गुडघे सुधारतील." पत्ता लिहून पार्सल टाकावं तसं टाकलंस मला. पहिले दोन महिने मी भिंतीकडे तोंड करून जेवत होते. मग एका सकाळी गॅलरीत उशी वाळत घातली आणि ती उचलायला अर्ध्या तासानं गेले तर कोरडी ठणठणीत! तिथे आपल्या मोठ्या शहरात उशी चार दिवस कुबट वास मारायची, आठवतंय? त्या दिवशी मी सगळं घर धुतलं. पडदे, चादरी, तुझ्या वडिलांचा कोट, सगळं. ऊन काय कोणाच्या बापाचं आहे?

गुडघे सुधारले. हे मी तुला कधी सांगितलं नाही, कारण तुझं बरोबर होतं असं तुला वाटलं असतं.

तर कचेरी. ती आमच्या समोरच, रस्ता ओलांडला की पायऱ्या. अख्ख्या प्रांताची माणसं इथे कागदांसाठी येतात. कोणाला जमीन नावावर करायची असते, कोणाला जन्माचा दाखला हवा असतो, तर एकाला तो जिवंत असल्याचाच दाखला हवा होता. बिचारा तीन फेऱ्या मारून गेला, आणि प्रत्येक फेरीला आधीपेक्षा जास्त मेलेला दिसायचा. सकाळी आठलाच रांग पायऱ्या उतरून, कोपरा वळून, आमच्या खालच्या न्हाव्याच्या दुकानापर्यंत येते. आणि सात नंबरची खिडकी पासष्टच्या वरच्यांसाठी. तिथे कुत्रंही नसतं. तिथली मुलगी, मी तिला सातवाली म्हणते, दिवसभर नखं न्याहाळत बसायची.

पहिल्या वर्षी एक बाई तान्ह्या बाळाला घेऊन उन्हात उभी होती. मला बघवेना. मी म्हटलं, दे इकडे ती फाइल. सातवाली म्हणाली, "कोणाची?" मी म्हटलं, "माझ्या भाचीची." ठप्पा! पाच मिनिटांत काम. त्या दिवसापासून मला या शहरात दोनशे भाचे झालेत. रांगेतले सगळे मला मावशी म्हणतात. कोणी संत्री देतं, कोणी अंडी, एकानं पंखा दुरुस्त करून दिला. पैसे मी घेत नाही, ते तुला माहीत आहे, आणि माहीत असूनही तू जे बोललास ते मी अजून विसरलेले नाही. असो.

फाइली मी वाचत नाही. तीन इयत्ता शिकलेय, मनातलं लिहून काढते, पण कचेरीच्या भाषेतली एकेक ओळ लावत बसले तर दुपार होते. मी रंग बघते. पिवळी घराची, हिरवी गाडीची, पांढरी जन्ममरणाची. फोटो दोन आहेत ना, सही निळी आहे ना, तिकीट उजव्या कोपऱ्यात आहे ना, झालं. काल एका बॅगवाल्या दलालानं तीन पिवळ्या दिल्या. मी नेल्या. "कोणाच्या आजी?" "भाच्यांच्या गं, दुसऱ्या कोणाच्या?" ठप्पा, ठप्पा, ठप्पा.

आज चहाच्या सुट्टीत सातवाली रस्ता ओलांडून माझ्या घरी आली. माझ्याच घरात मला म्हणते, "आजी, आधी बसा." मी बसले. ती म्हणाली, "तुमच्या भाच्यानं तुमचंच घर विकायला काढलंय की."

तिनं वाचून दाखवलं. न्हाव्याच्या दुकानावर, दुसरा मजला, घर नंबर तीन. मालकीण म्हणून माझं नाव. आणि माझ्या वतीनं, माझा मुखत्यार म्हणून, तुझं. त्या मुखत्यारपत्रावर म्हणे माझी सही आहे. तू फसवून घेतलीस ती! "लाईटबिलं भरायला लागेल" म्हणालास आणि कागद पुढे सरकवलास.

हरकत घ्यायला तीस दिवस असतात. त्यातला एक गेला. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मी रडेन आणि तुला वाटेल आपण जिंकलो. कागदावर मी रडत नाही. म्हणून लिहितेय, आणि उत्तर आलं नाही तरी लिहिणार आहे.

आई


बुधवार, ११ मार्च

थोरल्या,

आठ दिवस झाले. पोस्टमन आमच्या जिन्यात येतो तेव्हा मी दारातच असते. तो आता लांबूनच मान हलवतो, वर चढायचे कष्टही घेत नाही.

पण मला सगळं कळलंय. माझ्या नातीनं फोन केला होता. खबरदार पोरीवर ओरडलास तर! तिनं आपणहून केला, मी विचारलं म्हणून तिनं सांगितलं, आणि मी खोदून खोदून विचारलं म्हणून सगळं सांगितलं. तुम्ही तिथे मोठं घर घेताय. त्यात माझी खोली आहे. "आजी, खोली छान आहे," म्हणाली. मी म्हटलं, खिडकी कुठे उघडते? तर भिंतींचा रंग सांगायला लागली. मी म्हटलं, बोल गं. तर म्हणाली, "डक्टमध्ये." डक्ट म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तिनं समजावलं. चार बाजूंनी भिंती, मधून पाइप उतरतात, खाली कबुतरं.

म्हणजे माझी गॅलरी विकून तू मला पाइप दाखवणार.

तुला माहीत तरी आहे का मी इथे दिवस कसा काढते? कधी विचारलंस? सकाळी सातला ऊन आधी गॅलरीच्या कठड्यावर येतं, मग खुर्चीवर, मग माझ्या पायांवर. पाय शेकले की मी उठते. बाजारात जाते. भाजीवाली मला निवडू देते, बाकी कोणाला हात लावू देत नाही. तुमच्याकडे जेवढ्याला एका माणसाची भाजी येते, तेवढ्याला इथे दोघांची येते. परवा मंत्र्यांच्या गाड्या जायच्या म्हणून रस्ता अडवला होता. शिपायानं मलाही थांबवलं. मी म्हटलं, "अरे, तो पाच वर्षांनी बदलतो, ही पालेभाजी तासाभरात सुकते." सोडलं त्यानं! दुपारी एकला सगळी कचेरी जेवायला बाहेर पडते आणि सगळं शहर एकदम जांभई देतं. मग मी बागेत जाते. तिथे एक पुतळा आहे, कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही, पण त्याची सावली मोठी पडते. त्या सावलीत आम्ही सहाजणी बसतो आणि बसून सुनांबद्दल बोलतो. माझ्या सुनेबद्दल मी चांगलंच बोलते, तिला सांग. तुझ्याबद्दल नाही.

तिथे तुमच्याकडे मी महिनाभर होते तेव्हा शेजारणीचा चेहरा मला शेवटच्या दिवशी दिसला, तोही लिफ्टचं दार बंद होताना.

आता पुढचं ऐक. काल घर बघायला गिऱ्हाईक आलं. नवराबायको, तरुण, स्वभावानं चांगली. सोबत तो बॅगवाला. दार मी उघडलं. बॅगवाल्याचं तोंड असं झालं की विचारू नकोस.

"मावशी, तुम्ही इथे?"

"मी इथेच असते. घर कोणाचं दाखवायला आणलंयस?"

"अहो, मला काय माहीत मालकीण तुम्हीच! पार्टी बाहेरगावची आहे, सगळं फोनवर झालं. आणि फाइल तुम्हीच तर नेऊन दिलीत!"

त्या मुलीला हसू आवरेना. तिला वाटलं आम्ही थट्टा करतोय. मी तिला आत घेतलं. नळ गळतो ते दाखवलं, मोरीचा तुटका दगड दाखवला, न्हावी दिवसभर रेडिओ लावतो ते ऐकवलं. पण ती गॅलरीत गेली आणि तिथेच उभी राहिली. ऊन तिच्या तोंडावर आलं आणि तिनं डोळे मिटले. मग नवऱ्याला म्हणाली, "इथे बाळाचे कपडे वाळतील." पोटुशी आहे. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही. म्हणून तो सगळा तुझ्या खात्यावर टाकला.

जाताना तिनं विचारलं, "आजी, तुम्ही कुठे जाणार?"

मी म्हटलं, "कुठेच नाही."

पत्र लिही.

आई


सोमवार, १६ मार्च

थोरल्या,

हे छोटं आहे, हात दुखतोय.

आज मी तुझं मुखत्यारपत्र रद्द केलं आणि विक्रीला हरकत घेतली. दोन्ही एकदम. टायपिस्टबुवांनी टाइप करून दिलं. टायपिस्टबुवा म्हणजे कचेरीच्या भिंतीला टेकून टेबल लावून बसतात ते, पूर्वी कोर्टात होते. त्यांना वाटलं दहा मिनिटांचं काम. मी म्हटलं, बुवा, मी स्वतः वाचल्याशिवाय सही करणार नाही. ते म्हणाले, "मी वाचून दाखवतो ना, वहिनी." मी म्हटलं, वाचून दाखवलेल्यावरच एकदा सही केलीय.

हे तोंडातून निघून गेलं आणि मग मी बुवांना म्हटलं, जरा थांबा.

कारण खरं तेच आहे. तू वाचून दाखवलं होतंस. पहिल्या पत्रात मी लिहिलं की फसवून सही घेतलीस, ते रागात लिहिलं. तू माझ्यासमोर बसून तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलास. "विक्री, गहाण, भाडेपट्टा," असं काहीतरी म्हणत होतास. लाईटबिलही त्यातच कुठेतरी होतं. आणि मी ऐकत नव्हते. घर नवीन होतं, गॅलरीतल्या उन्हाची नुकतीच ओळख झाली होती आणि माझं सगळं लक्ष तिकडे. मी म्हटलं, "दे रे इकडे, कुठे करायची सही? कीर्तन लावलंय नुसतं." तू म्हणालास, "आई, ऐकून तरी घे." मी ऐकलं नाही.

याचा अर्थ तू ते वापरायला हवं होतंस असा नाही. मुलगा आहेस म्हणून दिलं. दलालाला दिलं असतं तर नीट ऐकलं असतं.

तर वाचायला मला सकाळचे साडेदहा ते एक लागले. एक पान. बुवांनी त्यांची दोन गिऱ्हाइकं परत पाठवली आणि मला छत्री धरली. "हरकत" शब्दाशी आले तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! माझा शब्द, आणि छापलेला.

जेवणाची सुट्टी संपल्यावर सात नंबरला गेले. सातवालीनं सवयीनं विचारलं, "कोणाची, आजी?"

"माझी."

तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात दाबला. मागे कोणी नव्हतंच, तरी मला लाज वाटली. मग ठप्पा मारला. या ठप्प्याचा आवाज मला वेगळाच वाटला, पण तो तोच असणार.

सुनावणी आठ एप्रिलला आहे. तुला नोटीस येईल. मुखत्यार रद्द झालास तू, मुलगा म्हणून बोलावलंय.

आई


शुक्रवार, २७ मार्च

थोरल्या,

तुझं पत्र आलं. चार ओळी. पोस्टमननं वर येऊन हातात दिलं, आणि मी उघडेपर्यंत थांबला. चांगली बातमी असेल असं वाटलं असेल बिचाऱ्याला.

चार ओळी मी स्वतः वाचल्या. कोणाला दाखवल्या नाहीत. "आई, दीड वर्षापूर्वी भर रांगेत तू म्हणालीस, हा माझा कोणी नाही. जो कोणी नाही त्याला आता कशाला जाब विचारतेस? खोली तुझ्यासाठीच घेत होतो." आणि खाली नाव. "तुझा" सुद्धा नाही.

बरं. आता तू काढलंच आहेस तर मीही लिहिते. आतापर्यंत या पत्रांत मी तो दिवस टाळत आलेय. "तू जे बोललास ते" एवढंच लिहिलं आणि पुढे गेले. मी काय बोलले ते नाही लिहिलं.

तू स्टेशनवरून थेट आलास, खांद्यावर बॅग. कळवलं असतंस तर मी घरी असते. मी सात नंबरपाशी होते, हातात चार फाइली. त्यातली एक त्या जिवंत माणसाची होती, त्याचं काम त्या दिवशी होणारच होतं. तू माझा दंड धरलास. जोरात धरलास, थोरल्या. आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं ओरडलास, "माझी आई तुमची शिपाई नाही! लाज नाही वाटत म्हातारीला राबवून घ्यायला?" फाइली खाली पडल्या. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. त्यांच्यासाठी मी मावशी होते रे. तुझ्या एका वाक्यात मी राबवून घेतलेली म्हातारी झाले.

सातवालीनं विचारलं, "आजी, हे कोण?"

आणि मी म्हटलं, "कोणी नाही. रांग मोडून घुसलाय."

तोंडातून निघालं. आणि रांगेला बाकी काही कळो न कळो, रांग मोडणारा कळतो. दोघांनी तुला धरलं आणि पायऱ्या उतरवून खाली नेलं. तू ओरडत नव्हतास आता. वळून माझ्याकडे बघत होतास. मी एक शब्द बोलले असते तर त्यांनी तुला सोडलं असतं. मी खाली वाकून फाइली गोळा करत राहिले.

घरी आले तेव्हा तू येऊन गेला होतास. न्हाव्यानं सांगितलं, पाच मिनिटं दाराशी उभा होता, मग गेला. मी दोन माणसांचा चहा टाकला. एकटीनं प्यायले दोन्ही.

मी हे असं लिहिलं म्हणजे मला पटलं. माफी मागायचा शब्द लिहायला बसले की पेन भलतीकडेच जातं, तेव्हा तो तू समजून घे, किंवा घेऊ नकोस.

पण एक सांग. आई एक वाक्य बोलली तर त्याचा बदला तिचं घर विकून घ्यायचा? बदला नव्हता म्हणशील. खोली माझ्यासाठीच घेत होतास. मग तर आणखीच वाईट! रागानं घर घेतलं असतंस तर मी भांडले असते. मायेनं घ्यायला निघालास, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता. मी काय कपाट आहे, हलवताना न विचारायला? पाच वर्षांपूर्वी असंच इथे आणलंस, आता असंच उचलणार. तेव्हा नशीब म्हणून ऊन लागलं. या वेळी पाइप आहेत.

आठ तारखेला ये. सकाळी दहा.

आई


गुरुवार, ९ एप्रिल

थोरल्या,

आला नाहीस.

काल मी आठलाच तयार होते. धुतलेली शाल घेतली. न्हाव्यानं रेडिओ बंद केला, म्हणाला, "आजी, तुमच्या कामाच्या दिवशी नको." बुवा सोबत आले, त्यांनी कोट घातला होता, जुना कोर्टातला. साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. जिन्यातून कोणीही वर आलं की मी बघायची. एक माणूस तुझ्यासारखाच चालत आला, मी उठून उभीसुद्धा राहिले. तो पाणी भरणारा होता.

आत बोलावलं. साहेब तरुण आहेत. म्हणाले, "आजी, चांगली बातमी आहे. तुमच्या मुलानं विक्रीचा अर्ज मागे घेतलाय. काल टपालानं पत्र आलं. घर तुमचंच."

मी म्हटलं, "त्यात माझ्यासाठी काही लिहिलंय का?"

"नाही. नेहमीचा मजकूर आहे."

खरं सांगू? घर राहिलं. गॅलरी राहिली. त्या पोटुश्या मुलीला बॅगवाल्यानं आमच्याच गल्लीत टोकाचं घर दाखवलंय, तिथेही सकाळचं ऊन येतं, मी जाऊन बघून आले. म्हणजे सगळ्यांचं झालं. मी पेढे वाटत सुटावं एवढं समाधान व्हायला हवं होतं, आणि मला तुझा इतका राग आला की साहेबांच्या टेबलावरचा पेला लांब सरकवला मी, उचलून फेकू नये म्हणून.

साहेबांनी एक छापील कागद पुढे केला. "इथे सही करा, फाइल बंद होईल. सुटलात."

मी चष्मा लावला.

"वाचायचं काय त्यात, आजी? नेहमीचंच असतं."

"नेहमीचं असतं तेच मी मागच्या वेळी वाचलं नव्हतं," मी म्हटलं आणि बोट ठेवून सुरुवात केली.

एक वाजत आला होता. बाहेर डब्यांचे आवाज सुरू झाले. साहेब घड्याळाकडे बघत होते, बुवा छताकडे. माझं नाव बरोबर होतं. घराचा नंबर बरोबर. मग खालची ओळ आली. ती मी दोनदा लावली. "माझी समोरच्या पक्षाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही."

"समोरचा पक्ष म्हणजे कोण?"

"तुमचा मुलगा."

मी पेन खाली ठेवलं. "यावर मी सही करणार नाही."

"का?"

"तक्रार आहे म्हणून."

साहेब म्हणाले, "अहो, पण घर तर मिळालं तुम्हाला."

"घराबद्दल नाही आता."

"मग कशाबद्दल?"

"मुलाबद्दल."

"ती इथे चालत नाही, आजी."

"मग कुठल्या नंबरच्या खिडकीवर चालते तेवढं सांगा. मी रांगेत उभी राहीन. सात नंबर नको, मोठ्या रांगेत राहीन."

बुवांना खोकला आला. साहेब हसले नाहीत, हे मला आवडलं. ते म्हणाले, "हे बघा, सही झाली नाही तर फाइल उघडी राहते. मग मला दोन्ही पक्षांना पुन्हा तारीख द्यावी लागेल."

"द्या."

"त्यांना लांबून यावं लागेल."

"येऊ दे की. मी नाही का पाच वर्षांपूर्वी लांबून आले?"

बाहेर आल्यावर बुवा म्हणाले, "वहिनी, आज विषय संपला असता." मी म्हटलं, बुवा, विषय घराचा होता तो संपला. त्यांनी मला चहा पाजला. ते म्हणाले, त्या कागदावर चाळीस वर्षांत कोणी सही नाकारलेली त्यांनी बघितली नाही. कारण तो कोणी वाचतच नाही.

माझ्याकडून असं लिहून मागतात, थोरल्या. तक्रार नाही आणि राहणारही नाही! असं परक्याबद्दल लिहून देता येतं. मला तुझ्याबद्दल भरपूर तक्रारी आहेत, आणि तुझ्याही माझ्याबद्दल असतील, चार ओळींत मावणार नाहीत एवढ्या. त्या दिवशी पायऱ्यांवरून वळून बघताना तू काय म्हणणार होतास ते मला अजून माहीत नाही. ते ऐकायचंय. समोर बसून, आवाज चढला तरी चालेल, साहेबांना सवय असते.

तारीख बारा मे, मंगळवार, सकाळी दहा. नोटीस वेगळी येईल. ती शेवटपर्यंत वाच. माझी मला हातातच दिली, तिच्यात खाली बारीक अक्षरात छापलंय की दोन्ही पक्षांनी स्वतः हजर राहायचं, मुखत्यार चालणार नाही. मी वाचलं, दोनदा.

आई